राखीव फौज कोणीं खर्चिली?

सुमारें दोन महिन्यांपूर्वीं एका व्याख्यानमालेंत दुसऱ्या महायुद्धावरील व्याख्यान ऐकण्याचा योग आम्हांस आला. वक्ते विद्वान् होते, वाणी ओघवती होती, आणि सिंगापूरच्या पाडावाचा विषय निघाला तेव्हां त्यांनीं तो एका वाक्यांत निकालांत काढला. मलायांतील हिंदी पलटणी जपान्यांच्या सायकली पाहतांच पळत सुटल्या, आणि म्हणून साम्राज्याचा तो अभेद्य म्हणविला जाणारा किल्ला सत्तर दिवसांत कोसळला, असें ते म्हणाले. श्रोते हसले. हसणाऱ्यांत आमचे विद्यार्थीही होते, ही गोष्ट आमच्या मनाला विशेष लागली. व्याख्यान आटोपल्यावर आम्हीं विनयानें विचारलें कीं, कोणत्या पलटणी पळाल्या, कोठें आणि केव्हां? "कोणत्या म्हणून काय विचारतां? साऱ्याच!" इतकें बोलून ते चहाच्या टेबलाकडे वळले. त्या वेळीं आम्ही गप्प राहिलों. पाहुण्याशीं वाद घालूं नये, ही आमच्या पिढीची शिकवण. पण 'साऱ्याच' या शब्दाचें शल्य कांहीं गेलें नाहीं, आणि ज्या माणसांना स्वतःची बाजू मांडण्यासाठीं परत येतां येत नाहीं त्यांच्याविषयीं असें मौन धरणें हें सभ्यतेपेक्षां भित्रेपणाच्या अधिक जवळचें आहे, अशी आमची खात्री झाली आहे.

सारें सैन्य घेऊन बसलों तर वाद अंतराळीं राहील. म्हणून आम्ही एकच ब्रिगेड घेतों: बारावी हिंदी पायदळ ब्रिगेड. ती निवडण्याचें कारण असें कीं, मलायाच्या सरसेनापतीची, म्हणजे जनरल पर्सिव्हल यांची, ती खास राखीव ब्रिगेड होती. ज्या फौजेला सेनापति राखून ठेवतो तिचें पुढें काय झालें हें नीट पाहिलें म्हणजे सेनापतीची बुद्धि, सरकारची दूरदृष्टि आणि शिपायाचें काळीज या तिन्हींची परीक्षा एकाच ठिकाणीं होते.

'राखीव' हा शब्द आमच्या मध्यमवर्गीय घरांत हल्लीं आगगाडीच्या डब्यापलीकडे फारसा ऐकूं येत नाहीं. परंतु त्यांतलें तत्त्व प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. सणासाठीं राखून ठेवलेलें तूप जी रोजच्या आमटीच्या फोडणीला वापरते, तिला सणाच्या दिवशीं कोरडी पोळी वाढावी लागते. आणि मग पोळी कोरडी लागली म्हणून दोष तुपाला देतां येत नाहीं. युद्धशास्त्रांत याहून निराळें कांहीं नाहीं. राखीव फौज ताजी असली पाहिजे, एकवट असली पाहिजे, आणि निर्णायक क्षणीं एकाच जागीं पडली पाहिजे. पानिपतच्या मैदानांत दुपार कलल्यावर अब्दालीजवळ टाकण्यास ताजें दळ होतें व भाऊसाहेबांजवळ तें उरलें नव्हतें, हें आम्हां मराठी वाचकांस कोणीं निराळें शिकवावयास नको.

आतां ही ब्रिगेड कशी होती तें पाहूं. १९३९ च्या ऑगस्टमध्यें, युरोपांत युद्ध पेटण्याच्या उंबरठ्यावर, ती हिंदुस्थानांतून सिंगापुरास गेली. तिच्यांत पलटणी तीन: स्कॉटलंडची आर्गिल अँड सदरलंड हायलँडर्सची दुसरी पलटण, दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची पांचवी, आणि एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी. दोन हिंदी पलटणी आणि एक गोरी, ही त्या काळच्या हिंदी ब्रिगेडची ठराविक घडण. सत्तावन्न सालापासून इंग्रजांस आपल्या हिंदी शिपायांशेजारीं गोरी पलटण असल्यावांचून झोंप येत नसे. 'हैदराबाद' या नांवानें वाचकांची फसगत होऊं नये. त्या पलटणींतले शिपाई बहुतांशीं अहीर, जाट आणि कुमाऊनी होते. १९४५ त त्या रेजिमेंटचें नांव बदलून 'कुमाऊं' असें झालें. मात्र नांवाच्या मागें आमच्या प्रांताचाही एक जुना धागा आहे. निजामाच्या ज्या हैदराबाद कंटिंजंट फौजेपासून ही रेजिमेंट निघाली, तिच्या खर्चापोटीं १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं झालें. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीच्या वसुलावर ज्या फौजेचा वंश पोसला, तिच्याविषयीं निदान वऱ्हाडांत तरी 'कोणती तरी पलटण' म्हणून बोललें जाऊं नये.

१९४१ च्या डिसेंबरांत ही ब्रिगेड पोर्ट डिक्सन येथें समुद्रकांठीं होती. ब्रिगेडियर पॅरिस हे तिचे अधिपति. साऱ्या मलाया द्वीपकल्पाच्या लांबीसाठीं सरसेनापतीच्या हातांत राखीव म्हणून काय, तर एवढीच एक ब्रिगेड. असें कां व्हावें? वैमानिक दलानें आपले विमानतळ उत्तरेस व पूर्वेस किनाऱ्याजवळ बांधले, तेही पायदळाचा फारसा विचार न घेतां. आणि मग त्या तळांच्या रक्षणासाठीं पायदळ जागोजागीं विखरून बसवावें लागलें. लंडनच्या हिशेबाप्रमाणें मलायांत ३३६ विमानें असावयाचीं होतीं. युद्ध सुरू झालें तेव्हां कामाचीं विमानें १५८ भरलीं, आणि त्यांतलीं पुष्कळशीं जुनाट. म्हणजे नसलेल्या विमानांच्या तळांवर असलेले शिपाई पहारा देत होते! रणगाडा तर साऱ्या मलायांत इंग्रजांकडे एकही नव्हता. मलायाच्या जंगलांत रणगाडे चालणार नाहींत, हें मत ज्यांनीं दिलें ते स्वतः क्लबच्या व्हरांड्यांत बसून देत होते. जपान्यांनीं मात्र रस्ते मोजले होते, आणि रबराच्या मळ्यांतून सिंगापूरपर्यंत जाणारा तो डांबरी राजमार्ग इंग्रजांनींच उत्तम बांधून ठेवलेला होता.

८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जपानी फौज कोटा भारू येथें उतरली. राखीव ब्रिगेडीच्या विनाशास आरंभ त्याच दिवसापासून झाला, कारण लगोलग तिची हैदराबादी पलटण तोडून आगगाडीनें केलांतानकडे पाठविण्यांत आली. उरलेल्या दोन पलटणींचा क्रम पुढें आठवड्याच्या आंत लागला. पश्चिमेस जित्रा येथें ११ व १२ डिसेंबरला अकराव्या हिंदी विभागाचा मोड झाला, आणि बाराव्या ब्रिगेडीस उत्तरेकडे धांवावें लागलें. निर्णायक जागीं घाव घालण्यासाठीं नव्हे. फुटलेल्या धरणाच्या भोंकांत बोळा म्हणून. आर्गिल पलटणीची एक कंपनी ग्रिकच्या वाटेवर, दुसऱ्या बालिंगच्या वाटेवर, पंजाबी तिसरीकडेच. १७ डिसेंबरला तिति करांगन येथें आर्गिल आणि पंजाबी यांनीं जपान्यांस चांगलाच हिसका दाखविला. पण तेथेंही हुकूम मिळाला तो माघारीचाच. मग पेराक नदी, मग इपोह, मग दिपांग. दिवसा रोखावयाचें, रात्रीं चालावयाचें, पहाटे पुन्हां खंदक खणावयाचे; आकाशांत विमानें जपान्यांचीं, त्यामुळें उजेडीं डोळा मिटण्याची सोय नाहीं; आणि ज्या जागेसाठीं कालपर्यंत माणसें पडलीं ती जागा आज बाजूच्या रानांतून शत्रु मागें आला म्हणून सोडावयाची. हें तीन आठवडे चाललें. युद्धशास्त्रांत माघारीची पिछाडी सांभाळणें हें सर्वांत कठीण काम मानतात, आणि आमच्या जुन्या फौजांत चंदावलीचा मान म्हणूनच मोठा असे. येथें सेनापतीची राखीव फौजच चंदावल झाली, आणि चंदावलीच्या पाठीशीं राखीव म्हणून कोणीच उरलें नाहीं.

येथें आमचे विद्वान् वक्ते विचारतील कीं, त्याच वणव्यांत आर्गिल पलटण नांव कमावते, मग हिंदी पलटणी कां कमावीत नाहींत? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर देण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

प्रथम हें मान्य करूं कीं, आर्गिल पलटणीची कीर्ति खरी आहे. त्यांचे कर्नल स्ट्युअर्ट हे हट्टी आणि दूरदर्शी गृहस्थ होते. इतर गोरे अधिकारी टेनिस खेळत असतां यांनीं आपल्या शिपायांस रानांत नेलें, दलदलींत झोंपविलें, आणि जंगल ही भिंत नसून वाट आहे हें त्यांच्या अंगीं भिनविलें. त्यावेळीं सिंगापुरांत त्यांची थट्टा होत असे असें म्हणतात. युद्ध लागल्यावर थट्टा थांबली. परंतु स्ट्युअर्ट यांनीं घडविलेली माणसें बहुतांशीं स्ट्युअर्ट यांच्याच हातीं राहिलीं. हिंदी पलटणींचें तसें नव्हतें. १९३९ त हिंदी सैन्य दोन लाखांच्या घरांत होतें. युद्ध संपेपर्यंत तें सुमारें २५ लाखांवर नेण्यांत आलें. एवढा पसारा वाढवावयाचा तर नव्या पलटणींस जुने हवालदार, जुने सुभेदार, भाषा जाणणारे अधिकारी हवेत; ते कोठून आणावयाचे? जुन्या पलटणींतून काढून. फौजी इंग्रजींत या क्रियेस 'मिल्किंग', म्हणजे धार काढणें, असें नांव होतें. नांव ठेवणाऱ्यानें फार प्रामाणिक नांव ठेवलें. गाय तीच, गोठा तोच, दावणीवरची पाटी तीच. आंचळांत दूध नाहीं.

पलटणीचा जुना हवालदार म्हणजे काय चीज असते, हें आम्हां पुस्तकी माणसांच्या चटकन् ध्यानांत येत नाहीं. शाळेंतला जुना शिपाई गेल्यावर घंटा वेळेवर होत नाहींशी झाली म्हणजे थोडीशी कल्पना येते. रात्रीं गोळीबार सुरू झाला, टेलिफोन तुटला, साहेब कोठें आहे ठाऊक नाहीं, अशा वेळीं अठरा वर्षांच्या रंगरुटाला डावीकडे कोण आहे, काडतुसें कोठें आहेत, आणि आतां पळावयाचें नाहीं, हें शांतपणें सांगणारा जो आवाज असतो, तो हवालदाराचा. तो आवाज पलटणीबाहेर गेला, आणि त्याच्या जागीं दुसरा रंगरूट आला. अधिकाऱ्यांच्या जागीं युद्धकाळापुरते नेमलेले तरुण इंग्रज आले. त्यांना शिपायांची भाषा धड येत नव्हती. मग 'दोन वर्षें मलायांत राहूनही हिंदी पलटणी जंगलाला तयार झाल्या नाहींत' या आक्षेपाला अर्थ काय उरतो? पलटणीचें नांव दोन वर्षें मलायांत राहिलें. माणसें येत-जात होतीं.

आणखी एक गोष्ट. १९४० त याच हैदराबादी पलटणींत एका हिंदी अधिकाऱ्याला मायदेशीं परत धाडण्याचा हुकूम निघाला, तेव्हां अहीर कंपनी बिथरली व प्रकरण हातघाईवर आलें. पुढें स्वतंत्र हिंदुस्थानचे सेनापति झालेले थिमय्या त्या वेळीं याच पलटणींत होते, आणि शिपायांची समजूत घालण्याच्या कामीं त्यांचा हात होता. मलायांतल्या कित्येक क्लबांची दारें हिंदी अधिकाऱ्यांस बंद होतीं. ज्यांच्या शेजारीं उभें राहून मरावयाचें, त्यांच्या शेजारीं बसून चहा घेण्यास मात्र तो अपात्र! प्रतिपक्षास हें प्रकरण सोयीचें वाटेल: पाहा, पलटण आधींच किडलेली होती. आम्हांस त्यांतून निघणारा बोध उलटा वाटतो. जी माणसें आपल्या एका अधिकाऱ्याच्या अपमानासाठीं कोर्टमार्शलचा धोका पत्करतात, त्यांच्या अंगीं पाणी नव्हतें असें कोण म्हणेल? त्या पाण्याचा उपयोग कसा करावा हें न कळलेल्यांचा तो दोष आहे.

आतां स्लिम नदीच्या लढाईकडे येऊं. कारण ज्या 'पळापळी'वर श्रोते हसले, तिचा उगम बहुधा येथलाच आहे. १९४२ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत बारावी ब्रिगेड त्रोलाक गांवाच्या उत्तरेस राजमार्गाच्या दोन्ही बाजूंस उभी होती. पॅरिस यांस विभागाचें आधिपत्य मिळालें होतें, आणि ब्रिगेड स्ट्युअर्ट यांच्याकडे आली होती. सर्वांत पुढें केलांतानहून परतलेली हैदराबादी पलटण, तिच्या मागें मैलभर पंजाबी, त्यांच्यामागें त्रोलाकजवळ आर्गिल. आणखी दक्षिणेस अठ्ठाविसावी गुरखा ब्रिगेड विसांव्याला. रस्त्याच्या कडेला दाट रान, सूर्यप्रकाश खालीं पोंचत नाहीं. पंजाबी पलटणीच्या अधिपतीनें मागाहून नमूद करून ठेवलें आहे कीं, त्या निःशब्द रानाचा दाब माणसांच्या मनावर चमत्कारिक पडला होता. माणसें इतकीं थकलीं होतीं कीं, हालचालींत सुस्ती आली होती. ज्यास तीन आठवड्यांत सलग झोंप मिळालेली नाहीं त्याची सुस्ती हा आळस नव्हे, हें सांगण्यास वैद्य लागत नाहीं.

त्या राजमार्गाचा एक विशेष असा कीं, पूर्वीं तो वळणावळणाचा होता व नंतर सरळ करण्यांत आला. जुन्या वळणांचे तुकडे रबराच्या झाडींत तसेच पडून राहिले होते. हे तुकडे जपान्यांच्या कामीं आले, बचाव करणाऱ्यांच्या ध्यानीं ते पुरेसे आले नाहींत. ६ जानेवारीची रात्र सरून ७ तारखेच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास मेजर शिमादा याचे रणगाडे त्या रस्त्यानें आले. रानांतून वळसा घालण्याची नेहमींची रीत सोडून सरळ रस्त्यानेंच घुसावें, हा आग्रह त्याचाच. चंद्रप्रकाशांत तीसेक रणगाडे, मागें पायदळ. हैदराबादी शिपायांपैकीं बहुतेकांनीं आयुष्यांत रणगाडा पाहिलेला नव्हता. पाहिला तो आपल्या खंदकावर चढतांना. त्यांच्यापुढें अडथळे किती? थोडे सिमेंटचे ठोकळे आणि मोजके सुरुंग. विभागाच्या साठ्यांत सुरुंग याहून पुष्कळ अधिक होते. ते साठ्यांतच राहिले. रणगाडे फोडणाऱ्या तोफा नांवापुरत्या, आणि मैदानी तोफखाना मागें विश्रांतीस. हैदराबादी पलटण फुटली. हें आम्ही लपवीत नाहीं.

पण पुढें काय घडलें? पंजाबी पलटणीच्या जागीं पहिला रणगाडा सुरुंगावर गेला, रांग अडली, आणि काळोखांत त्या रस्त्यावर तुंबळ चालली. आर्गिल पलटणीस व मागच्या गुरख्यांस सावध करण्यास एवढा अवधि पुरेसा होता; परंतु सावध करावें कशानें? टेलिफोनची तार कमी, बिनतारी यंत्रांचा पत्ता नाहीं. गुरखा ब्रिगेडच्या अधिपतीस कांहींतरी फुटलें आहे एवढाच मोघम निरोप पोंचला तो उजाडतांना. त्यानंतर जें झालें त्याला लढाई म्हणणें कठीण. जुन्या वळणांवरून वळसा घेऊन रणगाडे पुढें सरकले. त्रोलाकचा पूल उडाला नाहीं. आर्गिल पलटण, जिची जंगलविद्येंत बरोबरी करणारें दुसरें दळ मलायांत नव्हतें, तीही कापली गेली. चौदाव्या पंजाब रेजिमेंटची एक पलटण रस्त्यानें कूच करीत असतां मागून रणगाडे अंगावर आले. गुरख्यांची एक पलटण तशीच रस्त्यावर रांगेनें चालतांना सांपडली व जवळजवळ नष्ट झाली. साडेआठच्या सुमारास रणगाडे स्लिम नदीच्या पुलावर होते. लेफ्टनंट वातानाबे यानें सुरुंगाच्या तारा आपल्या तरवारीनें तोडल्या. पहाटेपासून एकोणीस मैल, म्हणजे सुमारें तीस किलोमीटर, आंत घुसल्यावर ही धाड थांबली ती एका हॉविट्झर तोफेच्या तोंडाशीं. दुसऱ्या दिवशीं बाराव्या ब्रिगेडीच्या पलटणींची हजेरी घेतली तेव्हां प्रत्येकींत शंभराच्या आसपास डोकीं भरलीं. आणि हें प्रमाण हैदराबादी, पंजाबी व आर्गिल या तिघांतही सारखेंच होतें, हें आमच्या वक्त्यांनीं ध्यानांत ठेवावें. ज्या रणगाड्यांनीं स्कॉच मनुष्य चिरडला त्यांनींच हिंदी मनुष्य चिरडला. मग पहिला धारातीर्थीं पडला आणि दुसरा पळाला, हा भेद कोणत्या व्याकरणानें केला?

या प्रकरणांत सर्वांत सरळ वर्तन स्ट्युअर्ट यांचें दिसतें, असें आम्हांस वाटतें. तोफखान्याचा उपयोग रणगाड्यांविरुद्ध केला नाहीं याबद्दल आपल्यावर येणारा ठपका योग्य आहे, असें त्यांनीं इंग्रजांच्या अधिकृत इतिहासकारास पुढें कळविलें. रणगाड्यांविरुद्धच्या बचावाची एकही तालीम आपण कधीं पाहिली नव्हती, हेंही त्यांनीं सांगितलें, पण ती केवळ सबब आहे असें म्हणून. ज्याच्या माणसांचा चुराडा झाला तो कर्नल दोष आपल्या अंगावर घेतो, आणि इतक्या वर्षांनीं आमचा एक व्याख्याता तो दोष काढून शिपायाच्या माथीं ठेवतो! जनरल पर्सिव्हल यांनींही १९४८ त प्रसिद्ध झालेल्या आपल्या खलित्यांत, मुआर येथें बळी गेलेल्या पंचेचाळिसाव्या हिंदी ब्रिगेडीविषयीं, माणसांत खोट नव्हती, तीं कच्चीं होतीं, या आशयाचें लिहिलें आहे. ती ब्रिगेड ३ जानेवारीस सिंगापुरास उतरली, तीन आठवड्यांच्या आंत संपली, आणि तिचे ब्रिगेडियर डंकन लढतांना पडले. कच्चें कोणीं ठेवलें, आणि कच्चें असतां तव्यावर कोणीं टाकलें, हा प्रश्न मात्र खलित्यांत जितका यावा तितका आलेला नाहीं.

आतांपर्यंतचा आमचा वाद इंग्रजी पुस्तकांवर विसंबणाऱ्या पक्षाशीं झाला. परंतु दुसराही एक पक्ष आहे, आणि तो आम्हांस अधिक जवळचा असल्यामुळें त्याच्याशीं बोलणें अधिक अवघड. हा पक्ष म्हणतो कीं, हे शिपाई इंग्रजांचे भाडोत्री. ते पळाले तर पळाले, पडले तर पडले. आमचा इतिहास सुरू होतो तो १७ फेब्रुवारी १९४२ रोजीं, जेव्हां फॅरर पार्कच्या मैदानावर हजारों हिंदी युद्धकैदी जपान्यांच्या हवालीं झाले आणि कॅप्टन मोहनसिंग यांनीं त्यांस आझाद हिंदच्या झेंड्याखालीं बोलाविलें. लाल किल्ल्यांतील खटला, शाहनवाज, सहगल व धिल्लन हीं नांवें आमच्या घरांतल्या मुलांसही तोंडपाठ. त्याबद्दल आम्हांस अभिमानच आहे. परंतु ज्यांना तो झेंडा उचलण्यास पाचारण झालें ते शिपाई आदल्या दोन महिन्यांत कोणत्या खाईंतून आले होते, हें न जाणतां त्यांचा निर्णय कसा कळावा? ज्यांच्या डोक्यावर आपलें एक विमान नव्हतें, ज्यांच्या हवालदारांची धार काढून घेतली गेली, ज्यांना क्लबाच्या दारांत अडविलें आणि रणगाड्यापुढें उभें केलें, त्यांनीं 'आम्ही कोणासाठीं मरत होतों?' असा प्रश्न केला, तर त्याचें बीज फॅरर पार्कवरच्या भाषणांत शोधावयाचें कीं त्रोलाकच्या रस्त्यावर? उलट, ज्यांनीं घेतलेल्या शपथेला चिकटून राहणें पसंत केलें, त्यांच्यापैकीं हजारोंना जपान्यांनीं न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीस नेलें, आणि तेथून परतलेल्यांची गणना अल्पच. ते कोणाचेच वीर नव्हेत. इंग्रजांस त्यांची आठवण उरली नाहीं, आणि आम्हांस ती सोयीची नाहीं. भाडोत्री हा शब्द पोटासाठीं नोकरी करणाऱ्यास लावावयाचा असेल, तर त्या काळच्या सरकारी कचेऱ्यांत, शाळांत व न्यायालयांत पगार घेणारे आमचे वडील-आजोबा कोण होते, याचाही विचार एकदां व्हावा. अहिराच्या घरचा धाकटा मुलगा पलटणींत गेला, आमच्या घरचा सेक्रेटरिएटांत गेला. मालक एकच होता.

राखीव ब्रिगेडीची कहाणी स्लिमवर संपली असें वाचकांस वाटलें असेल. तसें झालें असतें तर पर्सिव्हल यांच्या नशिबास दोष देऊन सोडतां आलें असतें. ३१ जानेवारीस सारी फौज सामुद्रधुनीवरचा बांध ओलांडून सिंगापूर बेटांत आली. सर्वांच्या शेवटीं आर्गिल पलटणीचे उरलेसुरले शिपाई, आपले पाइप वाजवीत. चित्र सुंदर आहे, इंग्रजी पुस्तकांतून तें आवर्जून येतें. त्यानंतरची गोष्ट तितक्या आवर्जून येत नाहीं. बेटाच्या बचावाची आंखणी झाली, आणि सरसेनापतीची राखीव ब्रिगेड म्हणून पुन्हां नेमणूक झाली ती कोणाची? बाराव्या ब्रिगेडीची! दोन मोडक्या पलटणी, आर्गिल आणि हैदराबादी. आर्गिल पलटणींत 'प्रिन्स ऑफ वेल्स' व 'रिपल्स' या बुडालेल्या जहाजांवरचे नौसैनिक भरलेले, पंजाबी यादींतून गळलेली. ८ फेब्रुवारीच्या रात्रीं जपानी उतरले, आणि दुसऱ्याच दिवशीं ही 'राखीव' फौज पश्चिमेच्या फळीवर धाडण्यांत आली. १० तारखेच्या रात्रीं बुकित पांजांग येथें रस्त्यानें पुन्हां रणगाडे आले. पुन्हां पुढें हैदराबादी, मागें आर्गिल. एक महिन्यापूर्वींचा सारा देखावा जणूं दुसऱ्यांदा मांडला होता. फरक इतकाच कीं, या वेळीं मागें गुरख्यांची ब्रिगेड नसून दहा लाखांच्या सुमारास माणसांनीं खच्चून भरलेलें शहर होतें. पांच दिवसांनीं, १५ फेब्रुवारीस, शरणागति झाली.

त्या पांच दिवसांत स्ट्युअर्ट यांस हुकमानें बेटाबाहेर काढण्यांत आलें. जंगलांतील युद्धाचा त्यांचा अनुभव हिंदुस्थानांतील फौजांस शिकविण्याच्या कामीं यावा हा हेतु, आणि तो हेतु योग्यच होता. ब्रिगेडियर पॅरिस 'रूसबूम' नांवाच्या डच जहाजानें निघाले. तें १ मार्चच्या रात्रीं सुमात्रापलीकडे पाणबुडीनें बुडविलें, आणि होडींत उपासमारीनें व तहानेनें पॅरिस गेले. ब्रिगेडीची कीर्ति लिहिण्याचें काम १९४७ त स्ट्युअर्ट यांनीं आपल्या आर्गिल पलटणीपुरतें केलें. तिचें पुस्तक आजही वाचण्यासारखें आहे. हिंदुस्थान-पाकिस्तानच्या संयुक्त इतिहास-विभागानें १९६० त आग्नेय आशियांतील मोहिमांवर एक जाडजूड ग्रंथ काढला; दुसऱ्या पंजाबची पांचवी आणि एकोणिसाव्या हैदराबादची चौथी या पलटणी त्यांत आहेत, नकाशांसह आहेत. आमच्या माहितींतल्या ग्रंथालयांत त्याची प्रत आम्हीं मागितली तेव्हां पानें कापलेलीं नव्हतीं.

त्या विद्वान् वक्त्यांस आम्हीं ती प्रत वाचण्यास धाडण्याची तयारी कळविली आहे. सिंगापुरांत क्रांजी येथें जो मोठा स्मारकस्तंभ आहे, त्याच्या भिंतींवर २४,००० हून अधिक नांवें कोरलेलीं आहेत, तीं ज्यांस कबर मिळाली नाहीं अशांचीं. पेराकांत तायपिंगच्या लष्करी स्मशानांत त्रोलाकच्या बाजूचे पुष्कळ मृत आहेत, आणि त्यांतल्या शेंकडोंवर नांव नाहीं. वक्ते पुढील व्याख्यानासाठीं तिकडे जाणार असल्याचें ऐकतों. गेल्यास त्यांनीं हैदराबाद रेजिमेंटचा स्तंभ शोधावा आणि त्यावरचीं नांवें सावकाश मोजावीं.